काजू मैत्री परिषद

"वात पेटना नाय, कुंदा! कापूर खंय आसा?" आबामामा व्यासपीठावरून ओरडला. माइक चालू होता, त्यामुळे त्याचा कापूर अख्ख्या सभागृहाला ऐकू गेला.

"माका काय म्हायत? मी दुभाषी आसंय, भट न्हय," मी खालून म्हटलं.

"आयज सगळा तुझ्याकडेच. समई कित्याक लावतत, ता त्या लोकांका कोण समजावतला? मी?"

समई पेटत नव्हती, कारण एसीचा झोत थेट तिच्यावर येत होता. एसी बंद केला तर मुंबईहून आलेल्या मंत्र्यांना घाम येणार, चालू ठेवला तर मांगल्य विझणार. शेवटी समईच्या बाजूला एका वेटरला चहाचा मोठा ट्रे आडवा धरून उभं केलं. सगळी भाषणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता. पाहुण्यांपैकी एकाने मला विचारलं, हा धार्मिक विधीचा भाग आहे का? मी हो म्हणून सांगितलं.

त्या वर्षी दिल्लीत आफ्रिकेतल्या देशांची मोठी शिखर परिषद भरली होती. रस्तोरस्ती झेंडे, वर्तमानपत्रांत पानभर हस्तांदोलनं, आणि व्यापारातून मैत्री, मैत्रीतून समृद्धी असल्या घोषणा. दिल्लीने एकदा केलं की गल्लीला राहवत नाही. प्रत्येक जिल्ह्याला आपापला आफ्रिका हवा झाला. कोणी पंप पुढे केले, कोणी द्राक्षं, आमच्या तळकोकणात काजू निघाले. काजू कारखानदारांच्या संघाने किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात ‘भारत-आफ्रिका काजू मैत्री परिषद’ भरवली. यातला भारत म्हणजे आमचा तालुका, आणि आफ्रिका म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका फ्रेंच बोलणाऱ्या देशातून आलेली चारपाच माणसं. देशाचं नाव मी सांगणार नाही. त्या देशाचं यात काही चुकलं नव्हतं.

संघाचा अध्यक्ष आबामामा मठकर, माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी तेव्हा पणजीच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. माझे वडील लवकर गेले. मामाने मला घरी आणलं, वाढवलं, शिकवलं, आणि लग्नात कन्यादानाला तोच बसला. तेव्हा दुभाषी म्हणून त्याने मला बोलावलं आणि मी रजा काढून गेले, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मामाचा माझ्यावर जीव होता, माझाही त्याच्यावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाला खरं वाटणार नाही.

पाहुण्यांना विमानतळावरून आणायला मी गेले होते. मंडळाचे प्रमुख होते त्यांच्या व्यापार खात्याचे संचालक, मुसिए बियाऊ. सुरेख सूट, सुरेख बूट, आणि सतत कानाला लावलेला फोन. ते पुढच्या गाडीत बसले. माझ्या गाडीत मादाम हुन्सू आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या देशाच्या रेडिओचा एक बातमीदार. मादाम साठीच्या आसपासच्या, अंगाने भरदार, डोक्याला पिवळ्याधमक कापडाचं उंच बांधलेलं फडकं. काजू उत्पादक बायकांच्या संघटनेच्या त्या अध्यक्ष. गाडी गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडेपर्यंत त्या खिडकीबाहेरची झाडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे काजूची झाडं आमच्यापेक्षा कमी आहेत."

"पण कारखाने पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

"तेच तर बघायला आले आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्याकडे झाडं आहेत, बी आहे, कामाला बायका आहेत. पत्र्याची शेडसुद्धा बांधून झाली. नाही ते फक्त बी कापायचं यंत्र. म्हणून आमचं सगळं पीक पोत्यांत भरून जहाजावर चढतं आणि गराचा पैसा दुसरेच खातात. मी इथून यंत्रं घेतल्याशिवाय परत जाणार नाही. बायकांना तोंड दाखवता येणार नाही."

"संचालकसाहेब आहेत ना बरोबर? त्यांनी आयातीची परवानगी दिली की झालं."

"ते म्हणतात, आधी मैत्री, मग यंत्र," मादाम म्हणाल्या आणि बातमीदार पोरगा खिडकीकडे तोंड करून हसला. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

परिषदेच्या दिवशी सकाळी पाहुण्यांना मामाच्या कारखान्यात नेलं. कारखाना धुऊनपुसून लख्ख केला होता. सोलणाऱ्या बायकांना एकसारखे नवे एप्रन दिले होते आणि बिचाऱ्यांना ते इतके लांब झाले होते की चालताना पायात येत होते. एरवी गोदामाच्या दारापर्यंत रचलेली पोती नीट मागे सरकवून वर ताडपत्री टाकली होती. जी दोनचार बाहेर राहिली होती, ती उलटी करून शिवलेली होती. म्हणजे देशाचं नाव छापलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. हे काम आदल्या दिवशी सगळ्या बायकांना बसवून करून घेतलं होतं, हे मला आतल्याच एकीने सांगितलं.

कारण साधं होतं. कोकणातल्या झाडांची बी आमच्या कारखान्यांना काही महिनेच पुरते. उरलेलं वर्ष सगळे आफ्रिकेच्या बियेवर चालतात. हे कारखानदारांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त बोलायचं नाही. कारण गर डब्यात गेला की डब्यावर ‘अस्सल कोकणी’ छापायचं असतं.

मादाम एका कटरपाशी थांबल्या. टेबलाएवढं ते यंत्र. एका हाताने बी दोन पात्यांमध्ये धरायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा, पायाने पट्टी दाबायची, की टरफल दुभंगतं. कटरवर बसलेल्या बाईचे पंजे चिकाने काळे झाले होते. मादामनी आपले पंजे तिच्या पंजांशेजारी ठेवून बघितले. तेही तसेच होते, भाजल्यासारखे काळेजांभळे. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तिथे भाषांतराची गरज पडली नाही. मग मादामनी टोपलीतली एक बी उचलली, फिरवून पाहिली, नाकाशी नेली आणि काही न बोलता पर्समध्ये टाकली. मुसिए बियाऊंनी ना यंत्राकडे बघितलं ना बियांकडे. ते सगळा वेळ मामाच्या खांद्यावर हात टाकून फिरत होते. मामाला फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघांचं फार छान जमलं होतं.

रिसॉर्टवर परत आल्यावर मामाने मला स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला नेलं.

"ती बाय मशीनचा विचारतली," तो म्हणाला. "तिका सांगूचा, आमचा मशीन तुमच्या बियेक चलना नाय."

"मामा, तुझ्या फॅक्टरीत वर्षभर त्येंचीच बी—"

"तू भाषांतर कर. आमची पोती मोजू नको."

"पण ता खोटा आसा."

"खोटा तर खोटा. बोलतलंय मी, तू नाय. तुझा काय जाता?" मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "गे कुंदा, त्येनी थंयसर काजू फोडूक सुरवात केल्यानी तर आमी हयसर काय फोडूचा? डोकी? दोनशे बायका आसत माझ्याकडे. त्येंका काय सांगू?"

हे मात्र खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. खरं कारण खिशात असताना माणसं खोटंच कारण का काढून दाखवतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

"आणि बाबी मेस्त्री?" मी विचारलं. "तेचा मशीन तो नाय म्हणात?"

"बाबीक सांगलंय. तो गप रवतलो. नायतर संघातलो एक माणूस तेच्याकडे फिरकाचो नाय."

बाबी मेस्त्री म्हणजे कुडाळचा कटर बनवणारा. आमच्या भागातल्या सगळ्या कारखान्यांत त्याचीच यंत्रं. माणूस हुशार, पण फुशारकी अशी की विचारू नका. प्रत्येक यंत्रावर तो स्वतःचं नाव ओतीव अक्षरांत घालायचा, आणि ते नाव पात्यापेक्षा मोठं असायचं. लग्नातला कोट घालून तो पहिल्या रांगेत बसला होता, आणि दाढ दुखणाऱ्या माणसासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"काय रे बाबी, बरा मा?" मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं.

"बरा कसला? सायबांनी सांगल्यानी हा, तोंड उघडशीत तर ऑर्डर बंद. म्हणान दातखिळी बसवन घेतलंय." मग तो पुढे झुकून कुजबुजला, "गे, माझ्या मशीनार वाघाचो दात ठेवलंस ना, तोय मधोमध कापतला. पण सांगतलंय कोणाक?"

परिषद सुरू झाली. म्हणजे सत्कार सुरू झाले. आपल्याकडे परिषदेत काम करायचं नसतं, आलेल्याचा सत्कार करायचा असतो, आणि सत्कार करणाऱ्याचाही सत्कार करायचा असतो. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानचिन्ह, आणि वर काजूचा डबा. मुसिए बियाऊंना फेटा बांधणाऱ्याने तो इतका घट्ट बांधला की त्यांच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि पुढचा सगळा वेळ ते आश्चर्यचकित दिसत राहिले. सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी एक चारोळी म्हणत होता. पहिल्या दोन मी फ्रेंचमध्ये सांगितल्या. मग नुसतं ‘अजून एक कविता’ एवढंच सांगू लागले आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

मंत्री बोलले. हजारो वर्षांचे ऋणानुबंध, एकाच समुद्राची दोन लेकरं, वगैरे. आफ्रिका खंड असून देश नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, पण सत्काराच्या गडबडीत ते राहून गेलं असावं. आमचा समुद्र त्यांच्या देशाला लागतही नाही.

मादामच्या हातात काजूचा डबा आला, तेव्हा त्यांनी तो तिथेच उघडला. आपल्याकडे भेट अशी चारचौघांत उघडत नाहीत, त्यामुळे व्यासपीठावरचे सगळे अवघडले. त्यांनी एक गर तोंडात टाकला, सावकाश चावला आणि माइकवर म्हणाल्या, "चांगला आहे. ओळखीचा आहे."

मी भाषांतर केलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मामाने वाजवल्या नाहीत.

मग त्यांचे दोन शब्द. आभार मानून त्या एका दमात मुद्द्यावर आल्या. "मी सकाळी कारखान्यात यंत्र पाहिलं. आमच्या बायकांना तशी वीस यंत्रं हवी आहेत, आणि ती चालवायला शिकवणारा एक माणूस. मैत्रीबद्दल आपण सकाळपासून ऐकतो आहोत. मग विचारते. तुम्ही यंत्रं विकाल का?"

मामा उठला. घरी तो मालवणी बोलायचा, पण माइक हातात आला की त्याची भाषा इस्त्रीची व्हायची. "माननीय भगिनींच्या भावनांचा मी आदर करतो. परंतु आमचं यंत्र हे आमच्या मातीतल्या काजूसाठी घडलेलं आहे. आफ्रिकेतली बी वेगळी. ती या यंत्रावर फुटते, गराचे तुकडे होतात. मित्राच्या गळ्यात निकामी वस्तू मारणं आमच्या संस्कृतीत बसत नाही."

टाळ्या. आपल्याकडे ‘नाही’लाही टाळ्या पडतात, फक्त त्यात संस्कृती हा शब्द यायला हवा.

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. खोटं बोलणाऱ्याचं, उच्चार माझा. मनाला असं समजावत होते. आणि मी अर्ध्यावर असतानाच एक गोष्ट घडली. मुसिए बियाऊ मान डोलवू लागले. ‘बी वेगळी’पर्यंत मी पोचलेही नव्हते, तोवर ते ‘अगदी बरोबर, अगदी बरोबर’ म्हणून मोकळे झाले. मग उठून त्यांनी मामाचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "हेच मी आमच्या भगिनींना तीन वर्षं सांगतो आहे. आज आपल्या मित्रांनी खात्री करून दिली." फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. मादाम उभ्याच होत्या.

इथेच थांबला असता तर मामा जिंकला होता. पण पाहुण्यांपुढे आपलं ते साधं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. पंचपक्वान्नं वाढायची आणि ‘गरिबाची भाजीभाकर गोड मानून घ्या’ म्हणायचं. आपल्या पानाबद्दल म्हटलं तर तो विनय. मामाने ते दुसऱ्याच्या पानाबद्दल म्हटलं.

"आणि यंत्र ते काय हो," तो हसत म्हणाला, "आमच्या बाबी मेस्त्रीचं गावठी काम. चार पत्रे ठोकून केलेलं. परदेशी बियेपुढे त्याचा काय टिकाव लागणार?"

पहिल्या रांगेतली खुर्ची मागे आपटली.

"गावठी? कोण म्हणता गावठी?" बाबी उभा राहिला होता. त्याला माइक लागत नाही. "आबा, मेल्या, चार पत्रे? तुझ्या फॅक्टरीत आठ वर्सां ह्या माझा मशीन काय कापता मगे? तुझ्या बापाशीची बी? आफ्रिकेचीच ना?"

"बाबी, बस खाली," मामा दबक्या आवाजात म्हणाला.

"बसतलंय कित्याक? पोती उलटी करून शिवलंस म्हणान काय बी कोकणची झाली? काढ ती ताडपत्री! दाखय सगळ्यांका!" तो मादामकडे वळला आणि त्यांना मालवणी येत असल्यासारखं थेट बोलू लागला. "बाये, तुझ्याच देशाची बी आसा ती. अख्खो गर पडता, अख्खो! हजारात दहा तुकडे झाले, तर हयसर सगळ्यांसमोर मिशी काढतंय!"

मागच्या रांगांत बसलेले काजू बागायतदार एव्हाना उभे राहिले होते. त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं की कोकणी बियेला मागणी नाही म्हणून भाव नाही. त्यातल्या एकाने ताडपत्री म्हणजे कसली ताडपत्री, असं मोठ्याने विचारलं. पत्रकार जेवणाच्या रांगेतून परत आले. मंत्र्यांनी सूत्रसंचालकाला खूण केली, "आभारप्रदर्शन घ्या, आभारप्रदर्शन."

मामा माझ्याजवळ आला. कपाळावर घाम होता, त्या एसीतही. "कुंदा, ह्येचा भाषांतर करू नको. तो पिऊन इलोहा म्हणान सांग."

आणि त्याच वेळी मादामनी माइकवर शांतपणे विचारलं, "ते काय म्हणाले?"

बातमीदार पोरगा आपलं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी मामाकडे बघितलं. लहानपणी ताप आला की हा माणूस मला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे न्यायचा, आणि वाटेत मी रडू नये म्हणून खोटंखोटं सांगायचा की डॉक्टर सुई टोचत नाहीत. मला त्याची दया आली, राग आला आणि लाजही वाटली. कशाची, ते मला धड कळलं नाही. तो अगदी हळू म्हणाला, "बाय माझी." एवढंच.

मी माइक जवळ ओढला आणि सगळं सांगितलं. आठ वर्षं, उलटी पोती, ताडपत्री, हजारातले दहा, मिशीसकट. ‘मेल्या’ शब्दापाशी जरा अडले, मग ‘प्रिय मित्रा’ म्हणून टाकलं. परिषद मैत्रीचीच होती. आणि शेवटी म्हणाले, "अध्यक्षांनी मला सांगितलं आहे की हे गृहस्थ दारू प्यायले आहेत, असं तुम्हाला सांगावं."

मला वाटलं, मादाम आता मामावर तुटून पडतील. त्यांनी मामाकडे पाहिलंही नाही. त्या वळल्या त्या मुसिए बियाऊंकडे.

"मुसिए," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं तुम्ही मला सांगता की भारताचं यंत्र आमची बी कापत नाही. म्हणून परवानगी नाही. आता यंत्र करणारा माणूस सांगतो की ते वर्षानुवर्षं दुसरं काही कापतच नाही. तुम्ही इथे आहात, मी इथे आहे, आणि आपला रेडिओ इथे आहे. परवानगी देता की नाही? आमच्या बायका आज संध्याकाळी बातम्या ऐकतील."

मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा आमच्या मंत्र्यांनाही काहीतरी चुकतंय हे कळलं. मुसिए बियाऊ फेट्याखालून घामाघूम झाले होते. त्यांनी मामाकडे पाहिलं, मामाने त्यांच्याकडे. सकाळी ज्यांचं भाषेवाचून इतकं जमलं होतं, त्यांचं आताही जमलं. दोघांनाही एकदमच कळलं की आता इलाज नाही. "देतो," मुसिए म्हणाले. बातमीदाराने ध्वनिमुद्रण यंत्र जवळ नेलं, तेव्हा त्यांना ते पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणावं लागलं. बाबी मेस्त्रीने व्यासपीठावर चढून मादामशी हात मिळवला. फोटो त्याचाही निघाला, पण दुसऱ्या दिवशी छापून आला नाही.

संध्याकाळी मादामना विमानतळावर सोडताना मी विचारलं, "तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना, बी तुमचीच आहे ते?"

"मला ते घरून निघतानाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या गावातून पोती भरून बंदरावर नेतो तो संचालकांचा मेहुणा. ती कोणाकडे उतरतात, ते तुमच्या मामांना विचारा."



"पण तुमच्या मामांवर रागावू नका," त्या पुढे म्हणाल्या. "ते दोघं माझ्याशी खोटं बोलले, पण एकमेकांशी अगदी प्रामाणिक होते. मला फक्त एक माणूस हवा होता, जो यांच्यासमोर उभा राहून खरं बोलेल. तो कोण असेल, मला माहीत नव्हतं. मी रेडिओवाल्याला तेवढं घेऊन आले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून मी त्या परिषदेला नावं ठेवत होते, ढोंग म्हणत होते. ते ढोंग नव्हतंच. भारत आणि आफ्रिकेची मैत्री मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, खांद्यावर हात टाकून कारखानाभर फिरताना. दोन्हीकडे एकच गोष्ट हवी होती, की बी पोत्यातूनच जावी. एवढं एकमत दिल्लीतसुद्धा झालं नसेल. त्या मैत्रीच्या आड येणारी एकच बाई होती, आणि तिलाच शाल-श्रीफळ देऊन बसवलं होतं.

निघण्यापूर्वी मामा मला रिसॉर्टच्या फाटकापाशी भेटला होता. त्याने आवाज चढवला नाही. "गाडी तुका तशीच पणजीक सोडतली," एवढं म्हणाला. माझी बॅग त्याच्या घरी होती. ती दोन दिवसांनी ड्रायव्हर आणून देऊन गेला. आत मामीने सोलकढीसाठी आमसुलं घातली होती, म्हणजे तिला कोणी काही सांगितलं नसावं. त्या वर्षी गणपतीला मी गेले नाही. गणपतीला आमच्याकडे बोलावणं लागत नाही. पण कित्याक इलंस नाय, असं विचारणारा फोनही आला नाही. मी आरतीच्या वेळेला फोनजवळ बसून राहिले होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

संघाने बाबीवर बहिष्कार टाकला. त्याने वीस यंत्रं पाठवली, पाठोपाठ स्वतः गेला, आणि शिकवायला म्हणून गेलेला तो तिथेच रमला. तिथे त्याने कारखाना काढला. यंत्रावर नाव आता दोन लिप्यांत घालतो, आणि दोन्हीकडे पात्यापेक्षा मोठं. काजू मैत्री परिषद पुढेही तीनचार वर्षं भरली, दरवर्षी अधिक मोठ्या फलकाची. दुभाषी मुंबईहून येत असे, आणि सगळ्या परिषदांत मिळून प्रत्यक्षात उतरलेला व्यवहार त्या वीस यंत्रांचा, एकच. संघाच्या स्मरणिकेत तो ठळक अक्षरांत छापला आहे, अध्यक्षांच्या फोटोखाली.

गेल्या शिमग्याच्या सुमाराला एके दिवशी दुपारी बाबीचा फोन आला.

"कुंदा, हयसर एक माणूस इलोहा," तो म्हणाला. "आता हयची बी भायर जाणा नाय मा, सगळी बायकाच फोडतत. म्हणान तयार गर व्हयो म्हणता. आख्खो कंटेनर."

"मग दी. माका कित्याक विचारतंस?"

"तुझ्या मामाचो मॅनेजर आसा." त्याच्या मागे बायकांचं बोलणं आणि पात्यांचा खटखटाट ऐकू येत होता. "मामा बरो नाय म्हणता. अर्धी फॅक्टरी बंद आसा, बायका घराकडे बसल्यो. मादामनी माझ्यावर सोपवल्यानी हा, तुमचो गाववालो तो, तुमीच भाव सांगा म्हणान. तुझो मामा तो. तूच सांग, काय भाव सांगू?"

ताप आलेल्या मला खांद्यावर टाकून मामा चढण चढायचा, तेव्हा त्याचा श्वास माझ्या कानाशी लागायचा. तो मला त्या क्षणी अगदी स्पष्ट ऐकू आला.

"परक्याक सांगतंस तोच सांग," मी म्हटलं, आणि फोन ठेवून रडले.